सहावी जोडी

१

रिकाम्या हातांनी बसलेलं माणूस दिसलं की शुभाताईंच्या डोक्यात तिडीक जायची. आता हा काही फार मोठा दुर्गुण नव्हे, आपल्या सगळ्यांच्या घरात असं एखादं माणूस असतंच. पण पुढे जे झालं ते या तिडकीतून सुरू झालं, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं.

विक्रोळी पूर्वेला, जुनी वसाहत पाडून उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीत त्या आणि त्यांची मुलगी जान्हवी अशा दोघीच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ तिसरी-चौथीच्या मुलांच्या शिकवण्या, आणि श्रावण लागला की दुपारी फुगडीची तालीम. इमारतीत निम्म्याहून अधिक घरं देवगड-कुडाळकडची. गणपतीच्या आधी उपनगरांत फुगडीच्या स्पर्धा होतात, त्यात यांचा संघ दरवर्षी काही ना काही घेऊन यायचा. संघात बाराजणी, म्हणजे सहा जोड्या. शुभाताई स्वतः खेळायच्या नाहीत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्या झांज घेऊन बाजूला बसायच्या आणि तिथून सगळ्यांवर ओरडायच्या. गाणं म्हणायच्या शेवंतीकाकू, सत्तरी ओलांडलेल्या, आवाज मात्र अजून खणखणीत.

यंदा बाराच्या अकरा झाल्या. जान्हवीची लहानपणापासूनची जोडीदारीण मानसी लग्न होऊन नाशिकला गेली. फुगडी हा जोडीचा खेळ. हातात हात गुंफायचे, पावलांना पावलं भिडवायची आणि मागे रेलून गरगर फिरायचं. तुझा भार माझ्यावर, माझा तुझ्यावर. एकीने हात सोडला की दोघी उताण्या. अकराला दोनाने भाग जात नाही हे शुभाताईंकडे येणाऱ्या सगळ्यात ढ पोरालाही ठाऊक होतं. पाच जोड्या, बाकी एक. ती बाकी म्हणजे जान्हवी. ती आपली खांबाला टेकून बसली आणि मोबाईल काढला.

तिडीक गेलीच. शुभाताई म्हणाल्या, "बसायचं नाही. मानसी येईपर्यंत तिची जागा धरून खेळ."

जागा धरणं ही काकूंनी गावाहून आणलेली रीत. जोडीदारीण उशिरा येणार असली तर उरलेलीने बसून राहायचं नाही. समोर ती आहेच असं समजून हात पुढे करायचे आणि एकटीने पावलं टाकत राहायचं, म्हणजे ती आली की थेट तालात घुसते. आता मानसी काही येणार नव्हती, हे शुभाताईंना माहीत होतं. बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं, एवढंच. शेवंतीकाकूंनी गाणं मध्येच तोडून त्यांच्याकडे पाहिलं.

जान्हवीने नाक मुरडलं. मग उठली, मोबाईल खिडकीत ठेवला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे दोन्ही हात पुढे केले.

२

तालीम व्हायची ती सोसायटीच्या हॉलमध्ये. हॉल कसला, पार्किंगच्या वरचा एक लांबोडका गाळा. मध्ये चार खांब, एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, दुसऱ्या कोपऱ्यात पाय मोडलेलं टेबल टेनिसचं टेबल. पंखा फिरताना दर फेरीला टक् करायचा. खिडकीतून हायवे दिसायचा आणि हायवेपलीकडे खाडीकडची झाडी. दुपारी तीनला तिथे इतका उकाडा असायचा की बायकांचे हात एकमेकींच्या हातातून निसटायचे. शुभाताई सगळ्यांच्या तळव्यांना पावडर लावायला लावायच्या.

पहिले काही दिवस जान्हवी एकटीच अवघडून पावलं टाकायची. ते बघून बाकीच्या हसायच्या, तीही हसायची. शुभाताईंना मनातून वाईट वाटायचं. मानसी गेल्यापासून पोरगी गप्प झाली होती. घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची, दिवसभर कानाला हेडफोन, आणि संध्याकाळी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायची. चार बायकांत मिसळली तर बरं, म्हणून तर हा सगळा अट्टाहास.

झांज वाजवताना शुभाताईंची नजर असायची पावलांवर आणि कान असायचा श्वासावर. फुगडी रंगात आली की समोरासमोरच्या दोघी तोंडाने फुंकर टाकतात, एकीची फू, लगेच दुसरीची फू, त्यावरच वेग धरला जातो. मग एका दुपारी तो आवाज असा काही जमला की शुभाताईंनी झांजेचा ठेका वाढवला. गाणं संपलं. बायका धापा टाकत जोडीजोडीने उभ्या राहिल्या. शुभाताईंनी हॉलभर नजर फिरवली आणि एक मोकळा श्वास घेतला. छान. कोणीही रिकामं उभं नव्हतं.

लिफ्टचं बटण दाबताना त्यांच्या लक्षात आलं, की असं कसं होईल.

त्या परत फिरल्या. बायका अजून आतच गप्पा मारत होत्या. शुभाताईंनी बोट न दाखवता, नजरेनेच एकेकीला मोजलं. अकरा. दाराबाहेरच्या चपला मोजल्या, त्यातून स्वतःचा आणि काकूंचा जोड वजा केला. तिथेही अकरा. मग आपलंच चुकलं असेल म्हणून त्या घरी गेल्या.

रात्री भाकरी वाढताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज तू कुणाबरोबर खेळलीस गं.

"होती ना एक," जान्हवी म्हणाली.

"एक म्हणजे कोण?"

"नाव नाही विचारलं. पण मस्त खेळते. तिच्या हाताला घाम येत नाही, मला पावडरसुद्धा लावावी लागली नाही."

मस्करी करतेय, असं शुभाताईंनी ठरवून टाकलं. पोरगी किती दिवसांनी पोटभर जेवत होती, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

३

चौथ्या मजल्यावरची दर्शना संघातलीच, सकाळपाळीच्या शाळेत शिक्षिका, स्वभावाने एकदम सरळ आणि रोखठोक. तालमीचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचं काम तिने स्वतःच अंगावर घेतलं होतं. दोन दिवसांनी तिने एक टाकला. शुभाताईंनी तो ओट्यापाशी उभ्या राहून, कुकर लावता लावता बघितला.

जोड्या फिरतायत, पदर उडतायत, सगळं नेहमीचं. शेवटी खुर्चीवर टेकवून ठेवलेला मोबाईल घसरून थोडा वळतो आणि खिडकीकडच्या खांबाजवळ जान्हवी दिसते. ती मागे रेललेली आहे. नुसती वाकलेली नव्हे, पूर्ण रेललेली. टाचांवर भार, वेणी पाठीपासून सुटून लोंबतेय, हात पुढे ताणलेले. ती वेगात फिरतेय. तिच्या समोर कोणी नाही. मग कुणाचा तरी पदर आडवा येतो आणि व्हिडिओ संपतो. खाली बायकांनी झकास, जानू जोरात, असलं काहीबाही लिहिलेलं.

शुभाताईंनी तो तुकडा पुन्हा बघितला, मग पुन्हा बघितला. मग कुकर बंद केला, साडी वर खोचली आणि फ्रीजपुढच्या मोकळ्या जागेत पावलं जुळवून उभ्या राहिल्या. हात पुढे केले आणि तेवढं मागे रेलायला गेल्या. अर्ध्यातच तोल जाऊन फ्रीजवर आदळल्या, वरची बरणी खाली आली. तरुण शरीर आहे तिचं, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि फिरताना तोल वेगळा राहतो. मोबाईलचा कोनसुद्धा कसाही असतो. पण दंडाला मार लागला होता तो दिवसभर ठणकत राहिला.

त्यांनी दर्शनाला फोन लावला. व्हिडिओत जान्हवी कुणाबरोबर खेळतेय, असं आडून आडून विचारलं. दर्शना म्हणाली, तिच्या जोडीदारणीबरोबर ना, आणि पुढे साडीच्या रंगाबद्दल बोलायला लागली. जोडीदारीण म्हणजे नक्की कोण, असं शुभाताईंनी पुन्हा विचारलं. मग दर्शना म्हणाली की आत्ता नाव आठवत नाहीये, पण असेल बी विंगमधली कुणीतरी.

मग भीत भीत त्यांनी नाशिकला मानसीला फोन केला. काय ऐकायला मिळेल याची त्यांना धास्ती होती. पण मानसी ठणठणीत होती, द्राक्षांच्या बागा बघून आलेली, सासूची नक्कल करून दाखवण्याच्या मूडमध्ये. फक्त एवढंच म्हणाली, "काकी, जानूला सांगा रुसू नको म्हणून. मी म्हटलं होतं एक दिवस तरी तालमीला येते, तर म्हणाली, आता तू आली नाहीस तरी चालेल."

४

शुभाताई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या बाई नव्हत्या. भागाकार चुकला की ताळा करून बघायचा, हे त्या रोज पोरांना सांगायच्या. भाजकाने भागाकाराला गुणा, त्यात बाकी मिळवा, मूळ संख्या आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी चूक आहे, आणि चूक शोधली की सापडते. एवढा साधा हिशेब आहे, त्यात घाबरायचं काय, असं म्हणत त्या दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये उतरल्या.

आज तिघींची फुगडी घेऊ, त्यांनी फर्मान काढलं. अकराचे तीन-तीन केले तर तीन घोळके आणि दोघी उरणार. बायका भराभर सरकल्या. शुभाताई उरलेल्या दोघींना शोधायला लागल्या. कोणी उरलंच नव्हतं. चार घोळके हात धरून उभे होते.

मग चौघींची. अकराचे चार-चार केले तर दोन घोळके, तिघी उरणार. तीन घोळके झाले, उरलं कोणी नाही.

कुठल्याही घोळक्याकडे बघावं तर तो भरलेला वाटायचा. जान्हवीच्या घोळक्याकडे नीट बघायला गेलं की कुणीतरी हलायचं, कुणाचा खांदा मध्ये यायचा, कुणी काहीतरी विचारायचं. आणि एकेकीचा चेहरा बघून, मनात नाव घेऊन मोजलं, की अकरा. शुभाताईंनी पुन्हा मोजलं, यावेळी खिडकीकडून. अकरा. अकराला कशाने भाग जात नाही, ना दोनाने, ना तीनाने, ना चाराने. बाराला तिन्हींनी जातो, तोही निःशेष. ताळा काही केल्या जमत नव्हता.

जान्हवी पाच-सहा वर्षांची असतानाची एक गोष्ट त्यांना त्या क्षणी आठवली. सात लाडू दोघींत वाटून दाखव म्हटल्यावर पोरीने तीन-तीन वाटले होते आणि एक उरला म्हणाली होती. मग त्या एका लाडवाकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं, "आई, पण हाच का उरला?" शुभाताई तेव्हा हसल्या होत्या. गणित किती उरलं ते सांगतं, कुठलं उरलं ते नाही सांगत, असं काहीतरी उत्तर त्यांनी दिलं होतं आणि तो लाडू तिलाच देऊन टाकला होता.

५

त्यानंतर जान्हवीचं जेवण तुटलं. डोळ्यांखाली काळं आलं, कामावरून साहेबाचे फोन यायला लागले की ही मिटिंगला हजर नसते. टाचा फुटून रक्ताळल्या होत्या, तरी चेहऱ्यावर मात्र एक तजेला. शुभाताईंना तो तजेला बघवेना. सुखात असलेल्या माणसाला ओरडता येत नाही, आणि ही तर डोळ्यांदेखत झिजत होती.

एका सकाळी शिकवणीची मुलं गेली आणि घरात शांतता झाली, तेव्हा त्यांना आतल्या खोलीतून आवाज ऐकू आला. टाचांचे दणके, आणि फू. लगेच तिला उत्तर देणारी दुसरी फू. पहिली जान्हवीची, ती त्यांनी झोपेतही ओळखली असती. दुसरी जरा उशिरा येत होती, जरा लांबलेली, श्वास सोडताना माणूस थकतं तसं काही तिच्यात नव्हतं. घरात दोघीच. एक शुभाताई दाराबाहेर, एक जान्हवी आत. हेही गणित सोपंच होतं.

त्यांनी दार ढकललं. पलंग भिंतीला सरकवलेला, मधली जागा मोकळी, आणि मधोमध जान्हवी धापा टाकत उभी.

"फुगडीला जागा लागते ना," ती म्हणाली.

शुभाताईंनी तिचे हात ओढून घेतले. तळवे घामाने ओले होते, आणि मनगटाच्या वर, कातडीत नखं रुतल्याच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, दोन्ही हातांवर. आजपासून तालीम बंद, त्या म्हणाल्या, तुला जाऊ देणार नाही मी. जान्हवीने भांडण केलं नाही. मग आम्ही इथेच खेळू, एवढंच म्हणाली. तिथे निदान चार माणसं तरी असतात, हा विचार करून शुभाताईंनी बंदी मागे घेतली.

जान्हवी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हळूच म्हणाली, "आई, ती सोडत नाही गं. थांब म्हटलं तरी सोडत नाही. पण तिने सोडलं तर मी पडेन ना."

संध्याकाळी शुभाताई शेवंतीकाकूंकडे गेल्या. काकू अळूची पानं निवडत बसल्या होत्या. शुभाताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काकूंनी मान वर केली नाही.

"जागा धरतत ती येवच्या बाईची," त्या म्हणाल्या. "जी येवची नाय, तिची जागा धरूक लावलंस तू पोरीक. आता जागा मोकळी हा ह्यां कोणाक कळला, ता माका इचारू नको."

मग काय करू, असं शुभाताईंनी विचारलं. काकूंनी एक पान उलटं करून पुसलं, बाजूला ठेवलं आणि पुढचं घेतलं. त्यांनाही भीती वाटत होती हे शुभाताईंना तेव्हा कळलं, आणि त्यांची स्वतःची भीती दुप्पट झाली.

६

रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. सकाळी पोरांना भागाकार घालताना त्यांना एकदम सुचलं. दोनाने, तीनाने, चाराने बाराला पूर्ण भाग जातो, म्हणून ती दरवेळी कुठे ना कुठे सामावून जाते. पाचाने जात नाही. अकरा भागिले पाच, बाकी एक. बारा भागिले पाच, बाकी दोन. त्या पाच म्हणतील. दोन घोळके होतील. एक उरली तर सगळा माझ्या डोक्याचा खेळ, डॉक्टरला दाखवू. आणि दुसरी उरली तर तिला लपायला घोळका नसेल.

दुपारी त्यांनी बायकांना गोल पळायला लावलं आणि मुलं खेळतात तसं, आकडा ओरडला की तेवढ्यांनी एकमेकींना धरायचं, असं सांगितलं. बायका खिदळत पळायला लागल्या. स्पर्धा तोंडावर आणि शुभाताईंना पोरखेळ सुचतायत, असं कुणीतरी म्हणालं. पंखा टक् टक् करत होता. शुभाताईंनी मुद्दाम वेळ लावला, मग जोरात म्हणाल्या, पाच.

गलका झाला आणि थांबला. एक घोळका दाराकडे, एक टेबलाकडे. शुभाताईंनी दोन्ही मोजले. पाच आणि पाच, सगळे चेहरे ओळखीचे. आणि खिडकीकडच्या खांबापाशी जान्हवी, एकटी. एकच. शुभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा होत्या, अकराच होत्या, त्या स्वतःच वेड्या झाल्या होत्या आणि वेड लागण्याहून बरी गोष्ट जगात नव्हती.

तेवढ्यात टेबलाकडच्या घोळक्यातून दर्शनाने हाक मारली, "शुभाताई, या दोघी उरल्या, यांचं काय करायचं?"

शुभाताईंनी पुन्हा खांबाकडे पाहिलं. जान्हवी खांबाच्या मध्यावर नव्हती, जरा बाजूला सरकून उभी होती, शेजारी कुणाला तरी जागा ठेवल्यासारखी. तिचा डावा हात खाली लोंबत नव्हता. तो बाजूला उचललेला होता, बोटं फाकलेली, आणि बोटांच्या मधली कातडी दबून पांढरी पडली होती.

दोघी कोण, असं शुभाताईंनी दर्शनाला विचारलं तेव्हा ती गोंधळून हसली. मी दोघी म्हटलं का, म्हणाली.

७

उपाय त्यांना तिथेच, त्या पाच मिनिटांत सुचला, आणि तो इतका सोपा होता की आधी कसा सुचला नाही याचा राग आला. त्या स्वतः खेळणार. अकरा आणि एक बारा, तिला धरून तेरा. तेरा विषम. दोन-दोन लावले की सहा जोड्या आणि बाकी एक. जान्हवीचे हात आधीच धरलेले असले, आईने धरलेले असले, तर उरायचं कोणी? तीच उरेल. उरलेलीला कुणी जागा धरायला सांगणार नाही, आणि ती जशी आली तशी जाईल.

त्यांनी झांज काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी त्यांचा पदर धरला, काही क्षण धरून ठेवला, मग सोडला. गुडघ्यांचं काय, बायका हसत म्हणाल्या. शुभाताई सरळ खांबापाशी गेल्या आणि जान्हवीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. क्षणभर काहीतरी ओढ लागली, दुसरीकडून. शुभाताईंनी दात आवळून ओढलं. हात आले. ओले, घामेजलेले, नखं कुरतडलेले, त्यांच्या लेकीचे हात.

"माझ्याकडे बघ फक्त," त्या म्हणाल्या.

काकूंनी गाणं उचललं. पावलांना पावलं भिडली आणि सहा जोड्या फिरायला लागल्या. पहिल्या फेरीला गुडघ्यांतून कळ गेली, दुसरीला ती विसरली गेली. जान्हवीचा चेहरा समोर, डोळे हळूहळू जागे होत असलेले. फू, शुभाताईंनी फुंकर टाकली. फू, जान्हवीने उत्तर दिलं, ओळखीचं, दमलेलं. किती वर्षांनी त्या दोघी एकमेकींचे हात धरून अशा फिरत होत्या. ही लहान असताना गणपतीपुढे फिरायच्या तेव्हा ही खदाखदा हसायची. शुभाताईंना इतकं बरं वाटलं की त्या रडायला लागल्या, आणि फिरता फिरताच रडत राहिल्या.

गाण्याच्या मध्यावर गिरकी होती. सगळ्यांनी हात सोडायचे, स्वतःभोवती एकदा फिरायचं, टाळी द्यायची आणि पुन्हा हात धरायचे. ही गिरकी शुभाताईंनीच तीन वर्षांपूर्वी बसवली होती, परीक्षकांना आवडते म्हणून. ती येणार हे त्यांना आत्ता, वेगात असताना आठवलं. एका टाळीचा तर प्रश्न. सोडायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, पण अंगाला सवय होती आणि जान्हवीच्याही अंगाला सवय होती. गाणं तिथे आलं आणि घामाने निसरडे झालेले हात सुटले.

शुभाताई गर्रकन फिरल्या, टाळी वाजवली आणि झडप घालून हात धरले. मिळाले. लगेच मिळाले. जीव भांड्यात पडला आणि त्यांनी पूर्ण भार मागे टाकला. समोरूनही तेवढाच भार पडला, चांगला दणकट. वेग वाढला.

एक फेरी गेली, मग दुसरी. आपल्या तळव्यांवरचा घाम कमी होतोय असं त्यांना वाटलं. तिसऱ्या फेरीला हात मुळीच निसटत नव्हते. पावडर न लावताही निसटत नव्हते. धरलेले हात कोरडे होते.

समोर बघण्याआधी त्यांची नजर बाजूने गेली, कारण बाजूला कोणीतरी रिकामं उभं होतं, आणि रिकामं माणूस त्यांना आधी दिसायचं. खिडकीकडच्या खांबाला टेकून जान्हवी उभी होती. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती, उलटे करून, सुलटे करून, झोपेतून उठलेल्या माणसाने बघावं तशी. मग तिने हात कुर्त्याला पुसले आणि मान वर करून आईला शोधलं. तिच्या डोळ्यांत ती जुनी जानू होती. सुटली, शुभाताईंना वाटलं. माझी पोरगी सुटली. त्या आनंदात पुढचं सगळं त्यांनी एका फेरीपुरतं विसरून टाकलं.

काकूंनी गाणं संपवलं. पाच जोड्या थांबल्या, हात सोडले, बायका बाटल्यांकडे वळल्या. दर्शना हसत म्हणाली, शुभाताई, गाणं संपलं, आता थांबा की. जान्हवीने खांब सोडून एक पाऊल पुढे टाकलं आणि ती आई म्हणाली, आधी हळू आणि मग मोठ्याने. शुभाताईंना थांबायचं होतं. त्यांनी पकड ढिली केली, बोटं पूर्ण उघडली, तरी हात सुटले नाहीत, आणि मनगटाच्या वर नखं हळूहळू रुतायला लागली. त्या ओरडायला गेल्या तर तोंडातून दमलेली, तुटकी फू बाहेर आली. आणि समोरून, जराही न दमता, उत्तर आलं.